मांजर जाईल इतकं जोतं

पहिलं घर वैऱ्यासाठी बांधावं, दुसरं मित्रासाठी, आणि तिसऱ्यात आपण राहावं, असं उत्तरेकडच्या त्या बर्फाळ मुलखातली नदीकाठची जुनी माणसं म्हणायची. इर्याच्या नवऱ्याला, रायमोला, ही म्हण ऐकली की हसू यायचं. "एका जन्मात तीन घरं बांधायला मी काय चिमणी आहे?" असं तो विचारायचा. त्यांनी एकच बांधलं आणि त्यातच राहिले. वैरी शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही.

ते चौऱ्याहत्तर साल होतं. इर्या एकोणतीस वर्षांची, मुलगा इल्का चार वर्षांचा. जागा इर्याच्या वडिलांची, नेस्तोरीची, नदीकडे उतरत जाणारा ओटच्या शेताचा एक तुकडा. लाकूडही त्यांच्याच रानातलं, दोन हिवाळ्यांपूर्वी तोडून नीट रचून वाळवलेलं. नेस्तोरी सुतार होते. त्या परगण्यातली निम्मी घरं त्यांच्या हातची, आणि उरलेल्या निम्म्यांना ते येता-जाता नावं ठेवत. इर्याची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. नव्या घरात नदीच्या बाजूची एक खोली नेस्तोरींची, त्यांनी आपली झोपडी सोडून लेकीकडे राहायला यायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. नकाशावर इर्यानं स्वतःच्या हातानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बाबांची खोली'. सगळ्या घरात तिला खरी ओढ होती ती त्या खोलीची. आई दवाखान्यात एकटी गेली, बाबा तसे जाऊ नयेत, एवढंच तिच्या मनात होतं.

आधी सौना, म्हणजे वाफेनं न्हायची लाकडी खोली, बांधायची आणि घर उभं राहीपर्यंत तिच्यातच राहायचं, हा तिकडचा रिवाज. बर्फ वितळलं तसे नेस्तोरी सायकलवर हत्यारं बांधून आले आणि तीन आठवड्यांत त्यांनी सौना उभी केली. चार कोपऱ्यांना चार मोठे धोंडे, त्यांवर खाचा पाडून एकात एक बसवलेले ओंडके, दाराशी तीन पायऱ्या. खालून वारा आरपार.

"बाबा, इतकी उंच कशाला?" इर्यानं विचारलं.

"मांजर शेपूट वर करून खालून गेलं पाहिजे. मांजराला शेपूट पाडावी लागली, तर समज घर दहा वर्षांत आजारी पडणार."

"आणि मांजरच नसलं तर?"

"मग आधी मांजर आण, नंतर घर बांध."

असे ते बोलायचे. त्यांचं बोलणं थट्टेचं की खरं, हे पोटच्या पोरीलाही पुष्कळदा कळत नसे.

घराचा नकाशा मात्र रायमोनं आणला. गुळगुळीत रंगीत पुस्तक होतं ते. त्यातलं घर लांबट, बुटकं, छप्पर सपाट, खिडक्या जमिनीपर्यंत, आणि हिरवळ थेट काचेला येऊन टेकलेली. त्या वर्षी सगळ्या देशाला तसंच घर हवं होतं. रायमो डेअरीच्या दुधाच्या गाडीवर होता. त्याचं लहानपण एका शेतकऱ्याच्या माडीवर भाड्यानं गेलेलं. त्याची आई अकरा पायऱ्या चढून पाणी वर न्यायची आणि हिवाळ्यात जमिनीच्या फटींतून असं वारं यायचं, की पोरं जेवताना पाय खुर्चीवर घेऊन बसायची. त्यामुळे घर जमिनीला चिकटून हवं, एकही पायरी नको, हे त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्याचं काही चुकत होतं असं इर्याला आजही म्हणवत नाही.

सौनातल्या बाकावर नकाशा पसरून तो सासऱ्याला म्हणाला, "हे बघा बाबा. पायरी नाहीच. तुमच्या गुडघ्यांचा विचार करूनच ठरवलंय."

नेस्तोरींनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "माझ्या गुडघ्यांनी तुझ्याकडे तक्रार केली?"

"आज नाही, पण उद्या करतील की!"

"मला पायऱ्या चढता येतात. पाण्याला चढता येत नाहीत. पायऱ्या असतात त्या त्यासाठी, पोरा."

"आता तसं राहिलं नाही, बाबा. आता काँक्रीट आहे, डांबरी कागद आहे."

"आणि आढं कुठाय?"

"सपाट छपराला आढं नसतं."

"मग आढ्याचं जेवण कधी घालणार?"

रायमो हसला, इर्याही हसली. नेस्तोरी हसले नाहीत. आढं चढलं की राबलेल्या माणसांना जेवण आणि दारू द्यायची, त्याशिवाय घराला घर म्हणायचं नाही, ही तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. आढंच नाही तर जेवण कुठल्या दिवशी, हा त्यांचा प्रश्न खराच होता.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी इर्जिक होतं. चौकट उभी करायला गावातले बावीस पुरुष आले. मजुरीचा प्रश्नच नव्हता. पोटभर जेवण, कॉफी आणि संध्याकाळी सौना. ते रायमोसाठी आले नव्हते. रायमो त्यांच्यासाठी बाहेरचा, डेअरीच्या गाडीवरचा. कुणाच्या गोठ्याचे वासे, कुणाच्या आईची शवपेटी, कुणाच्या जळक्या घराचं छप्पर नेस्तोरींनी तीस वर्षांत करून दिलं होतं, ते सगळं त्या शनिवारी फिटायचं होतं.

इर्यानं आदल्या दिवशीच राय नावाच्या काळ्या धान्याच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. सकाळपासून मोठ्या हंड्यात मांस-बटाट्याचं सूप शिजत होतं. हंडा काठीला अडकवून ती आणि शेजारीण बांधकामाशी आल्या, तेव्हा काम रंगात होतं. हानेस नावाचा एक गडी होता, मोठ्या आवाजाचा, दुसऱ्याची टर उडवल्याशिवाय ज्याला घास गिळवत नसे असा. तो ओरडला, "सूप आलं! रायमो, बायको सांभाळ, सूप मी सांभाळतो!"

त्या हशातच इर्याच्या लक्षात आलं, की बाबा हसणाऱ्यांत नाहीत. ते काँक्रीटच्या कडेशी उकिडवे बसले होते.

घराचं जोतं खोटं होतं. बाहेरून वीतभर काँक्रीट दिसायचं, घर त्यावर बसलंय असं वाटायचं. पण त्या काँक्रीटच्या आतल्या बाजूला एक खाच ठेवली होती, अंगणातल्या मातीपेक्षाही खोल, आणि भिंतीचं सगळ्यात खालचं लाकूड त्या खाचेत बसायचं होतं. तेव्हाच तर आतली जमीन हिरवळीच्या पातळीला येणार होती. रंगीत पुस्तकातलं घर साधायचं तर दुसरा मार्ग नव्हता. आणि त्या काळी तसं करणारा रायमो एकटा नव्हता, हजारो लोक तेच करत होते.

नेस्तोरींनी खाचेत हात घातला, कोपरापर्यंत. मग उभे राहून म्हणाले, "हे लाकूड तुम्ही खड्ड्यात ठेवताय."

"मिस्त्री, नकाशात तसंच आहे," हानेस म्हणाला.

"नकाशा कागदाचा. भिजला तर दुसरा मिळेल." ते रायमोकडे वळले. "मी युद्धात माणसं पुरली आहेत. लाकूड कधी पुरलं नाही. एक थर दगड वर घ्या. आज शनिवार गेला तर जाऊ दे, पुढचा आहे."

"बाबा, खिडक्या येऊन पडल्यात, दारं येऊन पडलीत. मापं कशी बदलणार?"

"दाराला पायऱ्या लावायच्या. तीन. मी लावतो."

हातोडे एकेक करत थांबले. रायमोचे कान लाल झालेले इर्याला दिसले. दोघांत कुणाचं ऐकायचं ते कुणालाच कळेना, आणि मग हानेसनंच तोंड उघडलं, नेहमीसारखं.

"इर्याला विचारा की! घर बाईचं असतं. काय गं, उचलायचं का पुरायचं?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिच्या खांद्यावर काठी, काठीला हंडा, हातातली पळी सुपानं ओली. तिनं 'थांबा' म्हटलं असतं तर बावीसच्या बावीस माणसांनी हत्यारं खाली ठेवली असती. बाबा बरोबर असतील, हे तिला ठाऊक होतं. लाकडाच्या बाबतीत बाबा चुकलेले तिनं कधी पाहिले नव्हते. पण तिनं रायमोचे कान पाहिले आणि तिला वाटलं, आज बाबांचं ऐकलं तर हे घर जन्मभर बाबांचं राहील आणि हा माणूस पुन्हा कुणाच्या तरी माडीवर भाड्यानं राहील.

"बाबा," ती म्हणाली, "घर आमचं आहे. तुम्ही सौनात जाऊन बसा. सूप गार होतंय."

तिनं ते मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हळू म्हणता आलं असतं. पुढं कितीतरी वर्षं तिला त्या वाक्यापेक्षा त्या आवाजाचंच जास्त लागून राहिलं.

नेस्तोरींनी कानावरची सुताराची चपटी पेन्सिल काढली आणि हानेसच्या हातात दिली. "शनिवार वाया घालवू नका," ते सगळ्यांना म्हणाले. सौनाकडे ते गेलेच नाहीत. सायकल घेतली आणि गेले. पुन्हा हातोडे सुरू झाले. सूप सगळ्यांनी वाखाणलं.

नोव्हेंबरात इर्या, रायमो आणि इल्का घरात राहायला गेले. बाबांच्या खोलीत इर्यानं आईच्या हातची चादर घातली, पडदे शिवले, खुर्ची खिडकीशी ठेवली. मग ती झोपडीवर बोलवायला गेली.

"बाबा, या आता. खोली तयार आहे."

"बघू."

"लोक काय म्हणतील? खोली रिकामी आणि तुम्ही इथे चुलीशी."

"म्हणतील काहीतरी," ते म्हणाले आणि तिच्यासाठी कॉफी ठेवली.

नाताळात विचारलं, बघू. इस्टरला विचारलं, बघू. आवाजात राग नसायचा. राग असता तर बरं झालं असतं. रागाशी भांडता येतं.

पण पहिल्या वसंतात, बर्फ विरघळून उत्तरेकडच्या भिंतीशी पाणी साचलं, तेव्हा ते आले. बोलावल्याशिवाय, फावडं घेऊन. उत्तरेच्या भिंतीला लागून त्यांनी कमरेइतका खोल चर काढला, नदीकडे उतार देऊन. तळाशी दगड, त्यांवर खडी, वर पाणी शिरू न देणाऱ्या भूर्जाच्या सालीचे पट्टे एकावर एक, मग माती. हे काम बारा दिवस चाललं. सदुसष्ट वर्षांचा माणूस, एकटा. घरात पाऊल टाकलं नाही. इर्या कॉफी बाहेर आणून द्यायची. बसायला पायरी नव्हती, तेव्हा ते बादली पालथी घालून तिच्यावर बसून प्यायचे.

"आत तरी या, बाबा."

"बूट चिखलाचे आहेत."

पुढच्या वसंतात ते पुन्हा आले. या वेळी नदीकडच्या बाजूला, त्यांच्याच खोलीच्या खिडकीखाली खणायला लागले. दोन दिवसांनी रायमो डेअरीतून आला तो टोपी टेबलावर आपटूनच.

"काय झालं?"

"काय व्हायचंय! हानेस भर दुकानात विचारतो, 'रायमो, तुझा सासरा खंदक खणतोय म्हणे, पुन्हा रशियन येणार आहेत का?' सगळं दुकान हसलं. म्हाताऱ्याचं डोकं युद्धात फिरलं ते फिरलंच, असं म्हणतायत लोक. आणि माझं घर गळकं आहे, असंही."

"मी बोलते त्यांच्याशी."

ती खरंच लगेच गेली. बाबा गुडघाभर खोल उभे होते. ती काठावर उभी राहिली, म्हणजे जवळजवळ त्यांच्या डोक्यावर.

"बाबा, पुरे करा आता. लोक हसतात."

"हसू देत. पाणी हसत नाही."

"मला इथे फुलझाडं लावायची आहेत," ती म्हणाली. हे तिला त्या क्षणीच सुचलं होतं. "भिंतीला लागून. जांभळी आयरिस."

नेस्तोरींनी वर पाहिलं. "आयरिसला ओल मानवते," ते म्हणाले.

"हो. म्हणून तर."

हे बोलताना तिला त्यातलं काहीच खटकलं नाही. माणसाचे कान असतात जागेवर आणि ऐकू काही येत नाही.

ते चरातून बाहेर आले. काढलेली माती त्यांनी पुन्हा आत लोटली, धुम्मसानं ठोकून बसवली, दाताळ्यानं सारखी केली. पहिल्यापेक्षा छान वाफा करून दिला तिला. मग फावडं धुतलं आणि गेले.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते झोपडीत वारले. दोन दिवस चिमणीतून धूर दिसला नाही, म्हणून पोस्टमन आत गेला. इर्याला आधीच्या रविवारी जायचं होतं, पण बर्फ फार पडलं होतं आणि रायमो छपरावरचं बर्फ ढकलत होता; सपाट छपरावरून ते आपोआप घसरत नाही ना! 'बाबांची खोली' तशीच राहिली. मग तिच्यात इस्त्रीचं टेबल आलं, मग रानातल्या बेरी ठेवायला मोठा फ्रीजर. फ्रीजर आला त्या दिवशी चादर घडी करून कपाटात गेली.

आयरिस मात्र बहरली. तशी आयरिस अख्ख्या गावात कुणाची नव्हती. रविवारी चर्चमधून परतताना बायका मुद्दाम थांबून पाहायच्या आणि गड्डे मागून न्यायच्या.

इल्का मोठा होताना कधीतरी विचारायचा, आजोबा आपल्याकडे का नाही राहिले? रायमो म्हणायचा, युद्धात त्यांचं डोकं जरा फिरलं होतं. इर्या तिथेच बसलेली असायची, विणत किंवा बटाटे सोलत. ती काही म्हणायची नाही. गप्प राहण्याची तिला सवय लागली होती. बोलायचं होतं तेव्हा एकदा बोलून झालं होतं.

वर्षं गेली. सपाट छपरावर उतरतं छप्पर घातलं. रायमो निवृत्त झाला, आजारी पडला आणि गेला. जाताना त्याला घराचा अभिमान होता. दवाखान्यातून बघायला येणाऱ्या नर्सला तो सांगायचा, "बघा, एक पायरी नाही. चाकांची खुर्ची सरळ आत येते."

मग एका इस्टरला इर्यानं पाहिलं, की इल्काची बायको मारयुत गाडीशी उभी राहून लेकीचा स्वेटर जोरजोरात झटकतेय. माणसानं अशा वेळी न पाहिल्यासारखं करायचं असतं. पण इर्यानं विचारलं.

"काही सांडलं का गं?"

"नाही, आई." मारयुत लाल झाली. "वास राहतो. शाळेत तिच्या वर्गातल्या मुली बोलतात. आणि इथून गेल्यावर दोन दिवस तिला खोकला असतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घरी गेलो की मी सगळे कपडे बाहेर टांगते."

"कसला वास?"

मारयुतनं नवऱ्याकडे पाहिलं. इल्का बुटांकडे पाहत होता. "तळघराचा, आई," तो म्हणाला. "बटाटे कुजल्यासारखा. तुला येत नाही?"

इर्याला येत नव्हता. चाळीस वर्षं ती त्या वासातच श्वास घेत होती. त्या रात्री तिनं स्वतःची उशी हुंगून पाहिली, आईची चादर हुंगून पाहिली. काही नाही.

घर तपासायला तुइया नावाची बाई आली. पन्नाशीची, उंच, कमरेला हत्यारांचा पट्टा. आयरिसच्या वाफ्याशी गुडघे टेकून तिनं भिंतीच्या खालच्या फळ्या काढल्या, भिंतीत उबेसाठी भरलेला कापूस काढला, आणि आत हात घातला. कोपरापर्यंत. इर्या मागे उभी होती. तिला तो हात ओळखीचा वाटला.

तुइयानं मूठ उघडली. तिच्यात लाकूड होतं म्हणे. कॉफीच्या चोथ्यासारखं दिसत होतं. बोटांनी दाबलं तर पाणी आलं.

"खोटं जोतं," ती म्हणाली. "त्या काळातलं प्रत्येक दुसरं घर. तुमची चूक नाही, सगळ्यांनी असंच बांधलं."

पूर्व बाजू तशीच. दक्षिण तर हातानंच निघून आली. मग ती उत्तरेला गेली आणि तिकडे बराच वेळ राहिली. हातोडीचे ठोके ऐकू येत होते, टणक, कोरडे. शेवटी तिनं हाक मारली.

"इकडे या जरा. हे काय आहे?"

उत्तरेकडचं लाकूड पिवळं होतं. त्यावर करवतीच्या खुणा दिसत होत्या. तुइयानं बाहेरची माती खणली होती. खाली सालीचे पट्टे, खडी, दगड, सगळं जागच्या जागी.

"भूर्जाची साल! हे आता कुणी करत नाही. कुणी घातलंय हे?"

"माझ्या वडिलांनी," इर्या म्हणाली.

"वा! माणूस जाणता होता. ही एक बाजू अजून शंभर वर्षं टिकेल." तिनं साल पुन्हा नीट जागेवर ठेवली, जणू ते घर राहणारच होतं. मग सहज, मातीचे हात पँटला पुसत विचारलं, "मग बाकीच्या तीन बाजूंना का नाही केलं त्यांनी?"

इल्का आईकडे पाहत होता. आता गप्प राहता आलं असतं. तुइयाला उत्तर नकोच होतं, ती कागदावर लिहायलाही लागली होती.

"करत होते," इर्या म्हणाली. "मी थांबवलं. लोक हसत होते."

तुइयाची पेन्सिल थांबली. मग तिनं पुन्हा लिहायला घेतलं. अशी उत्तरं लिहायला तिच्या कागदावर रकाना नव्हता.

ती गेल्यावर इल्का म्हणाला, "आई, तुम्ही दोघं मला सांगायचात की आजोबांचं डोकं फिरलं होतं."

"तुझे बाबा म्हणायचे."

"आणि तू?"

"मी बटाटे सोलत होते."

त्यानं गाडीची किल्ली उचलली आणि निघून गेला. दोन-तीन आठवडे त्याचा फोनही आला नाही. मग आला तो घर पाडायचं मशीन कधी येणार ते सांगायला.

घर पाडायला दीड दिवस लागला. उत्तरेची भिंत तेवढी पडेना. मशीनवाल्याला तिच्यासाठी तीनदा मागं येऊन धक्का द्यावा लागला, आणि तो आतून ओरडून काहीतरी शिवी देत होता. इर्या सौनाच्या पायरीवर बसून पाहत होती. तिचं सामान सौनात हलवलं होतं, कारण नवं घर होईपर्यंत राहायचं कुठे? इल्का आणि मारयुत आपलं गावातलं घर विकून इथंच बांधणार होते. इर्या पुन्हा तिथेच आली होती जिथून ती एकोणतिसाव्या वर्षी निघाली होती, त्याच बाकावर झोपायला. चार पिढ्यांसाठी बांधलेलं घर बेचाळीस वर्षं टिकलं. एका उन्हाळ्यापुरती बांधलेली सौना उभी होती, आणि मशीनवाला जेवणाच्या सुट्टीत तिच्या कोपऱ्यातल्या खाचा बोटांनी चाचपून पाहत होता.

एका संध्याकाळी मारयुत नकाशा घेऊन पायरीशी आली. चांगली मुलगी. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"आई, तुम्हाला तर अनुभव आहे. घर बांधताना काय लक्षात ठेवायचं? काही राहून जायला नको."

"हातोडे थांबले की कोण काय म्हणतंय ते ऐकून घ्यायचं."

मारयुत हसली. तिला कपाटं, बटणं, खिडक्यांची दिशा असलं काही हवं होतं. तिनं नकाशा इर्याच्या मांडीवर पसरला. जोतं या वेळी उंच होतं, दगडाचा थर होता, चारी बाजूंनी चर होता. हे लोक शिकले होते. दारापर्यंत लांबलचक उतार काढला होता.

"हे बघा. पायऱ्या ठेवल्या नाहीत. तुमच्या गुडघ्यांसाठीच." मग तिनं बोट पुढं नेलं. "आणि ही तुमची खोली. नदीकडची. इल्कानं स्वतः लिहिलंय बघा."

'आईची खोली' असं लिहिलं होतं. पेन्सिलीनं. इल्का पलीकडे, नव्या जोत्याच्या कडेशी उभा होता. तो त्या दिवसापासून तिच्याशी नीट बोलत होता, वेळेवर, गरजेपुरतं. त्यानं इकडे पाहिलं नाही.

खालून मारयुतच्या लेकीचं मांजर आलं. सौनाखाली या अंगानं शिरलं, त्या अंगानं बाहेर पडलं, शेपूट काठीसारखी सरळ वर. इर्यानं ते जाईपर्यंत पाहिलं.

"नाताळात तुम्ही तुमच्या खोलीत असाल, आई," मारयुत म्हणाली. "याल ना?"

इर्यानं नकाशाची घडी घातली, कडा जुळवून, आणि तिच्या हातात परत दिली.

"बघू," ती म्हणाली आणि कॉफी ठेवायला उठली.